गुडघ्याची झीज आणि गुडघ्याचे दुखणे

आमच्या डोळखांबकडे आवणीच्या दिवसांत गुडघ्यांची तक्रार घरोघरी ऐकू येते. चिखलात वाकून रोपे लावायची, हंडा डोक्यावर घेऊन चढ चढायचा, मग गुडघे बोलणारच. कारणही सगळ्यांना पाठ असते: ‘झिजले.’ शहापूरला काढलेला एक्स-रे त्यावर शिक्का मारतो. पण जेवढी झीज तेवढे दुखणे, हा हिशेब खरा आहे का? गेली काही वर्षे मी त्यावरचे संशोधन वाचतो आहे.

झिजते ती मुख्यतः कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर. या कूर्चेत मज्जातंतू नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे आतले अस्तर, बाहेरचे वेष्टन. एक्स-रेत तर कूर्चा दिसतही नाही. दिसते ती हाडांमधली अरुंद झालेली फट आणि कडेला वाढलेले हाड. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली या खुणांवरून ० ते ४ अशा पायऱ्या ठरवल्या, त्या आजही वापरात आहेत. त्या सांध्याचा आकार मोजतात; वेदना मोजत नाहीत.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वर्षांच्या ९९१ जणांच्या गुडघ्यांचा एमआरआय काढला गेला. निष्कर्ष २००८ साली आले. ज्यांची गुडघ्यातली गादी फाटलेली होती, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात काहीही दुखले नव्हते.

मग झिजेचा दुखण्याशी संबंधच नाही का? आहे. २००९ साली तुहिना निओगी व सहकाऱ्यांनी एकाच माणसाचे दोन गुडघे ताडून पाहिले, एक दुखणारा आणि एक न दुखणारा. वय, वजन, काम, सोसण्याची ताकद सारे सारखेच. तेव्हा ज्या गुडघ्यात बिघाड जास्त, तो दुखण्याची शक्यताही ठळकपणे जास्त निघाली. माणसामाणसांत हे नाते धूसर होते, कारण प्रत्येकाची झोप, काळजी आणि मज्जासंस्थेची संवेदनशीलता वेगळी. शिवाय अस्तराची सूज आणि हाडातले बदल कमीजास्त होत राहतात. म्हणून तोच गुडघा आज सुसह्य असतो आणि उद्या नकोसा होतो.

पुणे जिल्ह्यातील भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी सुरू केलेल्या पाहणीची रीत मला म्हणूनच मोलाची वाटते. तिथे सुरुवात फोटोपासून झाली नाही. घरोघर जाऊन आधी दुखण्याविषयी विचारले गेले. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांनी सांधे-स्नायूंची तक्रार सांगितली.

आपल्याकडे अन्याय दोन्ही बाजूंनी होतो. एक्स-रे साफ आला की बाईला ‘तुला काही झालेले नाही’ म्हणून परत पाठवतात. फोटो वाईट आला की ती घाबरून चालणेच सोडते. मग मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि गुडघ्याला आधार उरत नाही. व्यायामाने कूर्चा परत येत नाही, पण दुखणे कमी होऊ शकते, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. सांधा बदलण्याचा निर्णयही फोटो आणि रोजचे हाल दोन्ही पाहून व्हावा. म्हणून एक्स-रे दाखवताना डॉक्टरांना हेही सांगावे: किती पायऱ्या चढवतात, रात्री झोप लागते का, उकिडवे बसता येते का. फोटोत न दिसणारा अर्धा आजार तिथे असतो.