दुनळी, पंप की सेमी-ऑटो?

आजोबांची परवान्याची दुनळी बघून लातूरचा आतेभाऊ म्हणाला, "नांदेडला विष्णुपुरीवर बदकं उतरलीत. बदकांसाठी हीच बरी की पंप?"

फरक सोपाय: पुढचं काडतूस नळीत कसं येतं? दुनळी मधून मोडायची, दोन काडतुसं हाताने भरायची. उघडली की रिकामी आहे का, लगेच दिसतं. म्हणून सगळ्यात सुरक्षित. पंपमध्ये नळीखालची मूठ मागेपुढे ओढायची. सेमी-ऑटोत उडालेल्या बाराचा जोरच पुढचं काडतूस चढवतो.

पण भावा, 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानबदकांची शिकार गुन्हा आहे. परवाना बंदुकीचा आहे, बदकाचा नाही! रविवारी आम्ही विष्णुपुरीला गेलो, दुर्बीण घेऊन.