अलेक्झांड्रियाचें मौन आणि कल्याणचा बिशप

पहिल्या दोन शतकांत ख्रिस्ती धर्म कसकसा पसरत गेला, हें सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. परंतु त्यांचे आधार तपासूं लागलें म्हणजे मोठमोठ्या प्रांतांच्या जागीं कोरें पान दिसतें. या कोऱ्या पानाचा अर्थ काय करावा, हा प्रश्न आपल्याकडील संशोधकासही परका नाहीं. येथें एकच उदाहरण घेतों, तें मिसर देशांतील अलेक्झांड्रियाचें. कारण त्याचा एक धागा आपल्या कोंकणापर्यंत येऊन पोंचतो.

अलेक्झांड्रिया हें रोमन साम्राज्यांतील अग्रगण्य शहर. तेथें ज्यू लोकांची वस्ती मोठी आणि यरुशलेमही फारसें दूर नाहीं. नवा धर्म तेथें लवकरच गेला असावा असें कोणासही वाटेल. पण तेथील ख्रिस्ती मंडळीचा खात्रीलायक इतिहास सुरू होतो तो इ. स. १८९ च्या सुमारास, बिशप डेमेट्रियसपासून. त्यापूर्वींचें काय? चौथ्या शतकाच्या आरंभीं लिहिणारा इतिहासकार युसेबियस मार्कानें ही मंडळी स्थापिली असें सांगतो, मात्र ती हकीकत तो ऐकीव म्हणूनच देतो. पुढें दहा बिशपांचीं नांवें आणि त्यांच्या अधिकाराचीं वर्षें. याहून अधिक बहुधा कांहींच नाहीं. आपल्या पुराणांतील वंशावळी ज्यांनीं चाळल्या आहेत, त्यांस ही यादी ओळखीची वाटेल. ज्यांनीं त्याच शहरांत अध्यापन केलें त्या क्लेमेंट व ओरिजेन यांच्या उपलब्ध व निर्विवाद ग्रंथांत तर मार्काच्या त्या वास्तव्याचा उल्लेखही नाहीं.

या पोकळींत १९३४ सालीं वाल्टर बाउअर या जर्मन पंडितानें एक उपपत्ति बसविली. दुसऱ्या शतकांतील अलेक्झांड्रियाचे जे ख्रिस्ती आचार्य नांवानिशीं कळतात, ते बॅसिलिडीस, कार्पोक्रेटीस, तेथें शिकलेला व्हॅलेंटिनस, असे पुढें पाखंडी ठरलेलेच आहेत. तेव्हां मिसरांतील मूळचा ख्रिस्ती धर्मच तसा होता, आणि नंतरच्या सनातनी बिशपांस तो लाजिरवाणा वाटल्यामुळें त्याविषयीं मौन पाळलें गेलें, असें बाउअर म्हणतो. उपपत्ति मोहक खरी. पण हिच्यांत मौन हाच पुरावा होऊन बसतो, आणि मौनाकडून हवें तें वदवून घेतां येतें.

मीमांसकांत कुमारिलभट्टाच्या परंपरेनें अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानिलें, परंतु त्यास योग्यतेची अट घातली. लख्ख उजेडांत, मोकळ्या भूमीवर घट दिसला नाहीं तर तो तेथें नाहीं असें म्हणतां येतें, कारण असता तर दिसलाच असता. अंधाऱ्या खोलींत तसें म्हणतां येत नाहीं. ऐतिहासिक मौनासही हाच नियम लावला पाहिजे. कागद सांपडला नाहीं एवढ्यावरून निर्णय करूं नये. तो असता तर सांपडण्याजोगी परिस्थिति होती काय, हें आधीं पाहावें.

अलेक्झांड्रियांत ती नव्हती. मिसरांत पपायरसाचे कागद टिकले ते आंतल्या भागांतील कोरड्या वाळूंत. या समुद्रकांठच्या शहराची जमीन ओलसर, त्यामुळें तेथचे कागद बहुतेक सारे कुजून गेले. दुसरें असें कीं, इ. स. ११५ ते ११७ या काळांत ज्यू लोकांनीं बंड केलें आणि त्यांत शहरांतील त्यांची वसाहत जवळजवळ बुडाली. आरंभींचे ख्रिस्ती त्याच वसाहतींत मिसळून राहत असतील, तर त्यांची आठवण सांगावयासही कोणी उरलें नसेल. हें अनुमानच आहे, तरी कॉलिन रॉबर्ट्स या पपायरस-पंडितानें १९७९ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यास बरेंच बळ दिलें आहे. शिवाय ३०३ मध्यें डायोक्लीशन बादशहानें ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळण्याचें फर्मान काढलें, तें निराळेंच.

आतां जेथें उजेड आहे तेथें काय दिसतें? ऑक्सिरिंकस या गांवचे उकिरडे ग्रेनफेल व हंट या दोघां इंग्रजांनीं १८९६-९७ च्या हंगामापासून उपसले. पहिल्याच हंगामांत येशूच्या वचनांचें एक पान मिळालें. तें कोणत्या ग्रंथांतील हें पुढें नाग हम्मादी येथें १९४५ सालीं सांपडलेल्या पोथ्यांवरून कळलें: पुढें अमान्य ठरलेलें थोमाचें शुभवर्तमान. पण त्याच गांवीं आयरिनियसच्या पाखंडखंडनाचाही एक तुकडा निघाला. हा ग्रंथ इ. स. १८० च्या सुमारास गॉल देशांत लिहिला गेला, आणि तुकड्याचें अक्षर दुसऱ्या शतकाच्या अखेरचें किंवा तिसऱ्याच्या आरंभाचें आहे. म्हणजे मिसरांतील एकाच गांवीं पाखंडही वाचलें जात होतें, आणि त्याचें खंडनही अल्पावकाशांतच येऊन पोंचलें होतें. बाउअरची सरळ मांडणी येथें ढिली पडते.

आतां कोंकणाकडे वळूं. अलेक्झांड्रियांतील ख्रिस्ती विद्यालयाचा प्रमुख पँटेनस हा दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांत गेला व बार्थोलोमी या प्रेषितानें मागें ठेविलेलें, इब्री अक्षरांतील मत्तयाचें शुभवर्तमान त्यास तेथें आढळलें, असें युसेबियस सांगतो, हेंही ऐकीवच. यावरून कांहीं अभ्यासकांनीं बार्थोलोमीस कल्याणास आणिलें आहे. मिसरचीं जहाजें आपल्या किनाऱ्यास येत, हें पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस'वरून निश्चित आहे, आणि त्यांत कल्याणचें नांवही आहे. परंतु त्या काळचे लेखक दक्षिण अरबस्तान व हबसाण यांसही हिंदुस्थान म्हणत. तेव्हां एवढ्या वाक्यावर कल्याण गांठतां येत नाहीं.

खरा आधार सुमारें पावणेचारशें वर्षांनंतरचा. अलेक्झांड्रियाचाच व्यापारी कॉस्मास इ. स. ५५० च्या सुमारास लिहितो कीं, 'कल्लियाना' येथें इराणांतून नेमलेला बिशप असतो. हें गांव कोणी कोल्लम मानितात, कोणी उडुपीजवळचें कल्याणपूर. पण कॉस्मासनेंच अन्यत्र बंदरांची यादी दिली आहे. तींत सिंधु, ओर्‍होथा, कल्लियाना, सिबोर आणि मग मिऱ्यांचा मलबार असा क्रम आहे. ओर्‍होथा हें सौराष्ट्राकडील व सिबोर म्हणजे चौल, असें धरलें तर मधलें बंदर आपलें कल्याणच ठरतें, आणि मला तेंच ग्राह्य वाटतें. मात्र हें वाक्य स्वीकारलें कीं त्याची दिशाही स्वीकारली पाहिजे: ती बार्थोलोमीकडे जात नाहीं, इराणकडे व तेथील दर्यावर्दी व्यापाऱ्यांकडे जाते. पुढें १३२१ मध्यें पाश्चात्य पाद्री ठाण्यास आले तेव्हां ते तेथील नेस्टोरियन ख्रिस्त्यांच्या घरीं उतरले. मधल्या पावणेआठशें वर्षांचा दुवा लागत नाहीं.

कोंकणच्या पावसांत ताडपत्र व लांकूड टिकत नाहीं. म्हणून पोथीच्या अभावास येथें कांहींच किंमत नाहीं. दगडाची गोष्ट वेगळी. कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं दानें कान्हेरीच्या लेण्यांत अजून वाचतां येतात, तेथेंच इ. स. १००९ व १०२१ या सालांचे, जरथुष्ट्री यात्रेकरूंचे पहलवी लेखही आहेत. गोव्यांत आगशीजवळ २००१ सालीं पहलवी अक्षरांचा दगडी क्रूस मिळाला. मैलापूर व केरळ येथें तसे क्रूस पूर्वींच ठाऊक होते. तेव्हां कल्याण-सोपाऱ्याच्या परिसरांतील विहिरींच्या पायऱ्या व जुन्या जोत्यांतले दगड तपासतांना ती लिपि ओळखणारा मनुष्य बरोबर असावा. ब्राह्मी आणि नागरी शोधणाऱ्या डोळ्यास ती नुसती नक्षी वाटण्याचा संभव आहे.