माळशेज घाटात पिकअप बंद पडली तर? गाडीत ठेवा हे मोजकेच पार्ट

ओतूर : कोथिंबीर-मेथीची पिकअप रात्री भरून ओतूरहून निघते. मढ, खुबी फाटा, मग माळशेज घाट. खाली उतरलं की मोरोशी, टोकावडे, सरळगाव, मुरबाड आणि पुढे कल्याण. पहाटे गाडी मार्केटला लागली तर भाव मिळतो. उजाडल्यावर पोचलेल्या जुडीला कोणी विचारत नाही. आणि घाटात रात्री गाडी बंद पडली तर ना गॅरेज, ना रेंजचा भरवसा. पावसाळ्यात धुकं आणि दरडीची भीती वेगळीच.

म्हणून बरेच गाडीवाले सीटमागे पोतंभर जुनं सामान घेऊन फिरतात. पण गाडी बंद पडली की नेमकं हवं ते त्यात सापडत नाही. काय घ्यायचं आणि काय घरी ठेवायचं, ते समजून घेऊ.

आधी तीन प्रश्न विचारा

कोणताही पार्ट गाडीत टाकण्याआधी तीन गोष्टी बघा.

१) हा पार्ट गेला तर गाडी जागेवर उभी राहते का?
२) अंधारात, बॅटरीच्या उजेडात, आपल्याकडच्या पान्यांनी तो बसवता येतो का?
३) तो झिजणारा, फुटणारा किंवा चोंदणारा आहे का?

तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच घ्या. इंजेक्टर महागाचा, गेला तर गाडी अडवणारा, पण रस्त्यात बसवता येत नाही. तो सोबत नेऊन उपयोग नाही. टर्बो, डिझेल पंप, हेड गॅस्केट यांचंही तसंच. तिथे टोचनच लागतं.

पहिला नंबर पट्ट्याचा

फॅन बेल्ट म्हणजे पट्टा काही शे रुपयांचा. पण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप आणि अल्टरनेटर त्याच्यावरच फिरतात. पट्टा तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि पाणी फिरायचं थांबल्यामुळे काटा चढायला लागतो. तसंच रेटत नेलं तर हेड जातं. काही शे रुपयांवरून काम हजारांवर जातं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. काही डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. अशा गाडीचा पट्टा उतारावर तुटला तर एक-दोनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक लागतो, पण खूप जोर लावावा लागतो. भरल्या गाडीला घाटात हे जिवावर बेतू शकतं. आपल्या गाडीत व्हॅक्यूम पंप कुठे आहे, ते मिस्त्रीला आजच विचारा.

उतारावर लाल दिवा लागला तर गाडी न्यूट्रल करू नका, इंजिनही चालत्या गाडीत बंद करू नका. खालच्या गिअरमध्ये वेग कमी करत मोकळी जागा बघा आणि थांबा. वळणावर नको, दरडीखाली नको. मग इंजिन बंद करा.

पट्टा घेताना जुन्यावरचा नंबर बघा. उदाहरणार्थ '६ पीके १२३०' लिहिलं असेल तर पट्ट्याला सहा धारा आणि लांबी १२३० मिलिमीटर. गाडीचं नाव तेच असलं तरी बीएस-४ आणि बीएस-६ चा पट्टा वेगळा असू शकतो. म्हणून नुसतं नाव सांगून घेऊ नका.

दुसरा नंबर पाण्याच्या होजचा

रेडिएटरचे वरचा आणि खालचा असे दोन होज पाईप आणि चार क्लिपा ठेवा. होज फुगलेला, चिरलेला किंवा दाबल्यावर भुसभुशीत लागला तर फुटायची वाट बघू नका. सोबत पाच लिटर कुलंट किंवा स्वच्छ पाणी असू द्या. नुसतं पाणी टाकलं तर ते वेळ भागवण्यापुरतंच, नंतर कुलंट बदलून घ्या.

गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबा, मग जाड फडकं धरून हळूहळू सैल करा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं.

तिसरा नंबर डिझेल फिल्टरचा

कॅनमधलं डिझेल किंवा टाकीतला गाळ फिल्टर चोंदवतो. गाडी चढाला ओढत नाही, मग झटके देत बंद पडते. एक नवीन फिल्टर आणि तो खोलायचा पाना ठेवा. फिल्टरखालच्या नटातून साचलेलं पाणी अधूनमधून काढत चला.

फिल्टर बदलल्यावर डिझेल लाईन हवा धरते. ज्या गाडीला हातपंप असतो, तिथे फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून पंप मारा. बुडबुडे थांबून साफ डिझेल आलं की स्क्रू आवळा आणि सेल्फ मारा.

सीआरडीआय गाडीत मात्र इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाईप सैल करू नका. चालत्या इंजिनात तिथलं प्रेशर १००० बारच्या पुढे जातं. टायरच्या हिशेबात ते साडेचौदा हजार पीएसआय होतं. असा डिझेलचा फवारा कातडी फाडून आत शिरतो.

बाकी डबाभर सामान

– प्रत्येक नंबरचे दोन-दोन फ्यूज, हेडलाइटचा एक बल्ब
– एक लिटर इंजिन ऑइल, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच
– हातभर डिझेल पाईप, दोन लहान क्लिपा
– क्लच केबलवर असेल तर एक केबल
– वायरचा तुकडा, इन्शुलेशन टेप, बाइंडिंग तार, एम-सील
– पान्यांचा सेट, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, डोक्याला बांधायची बॅटरी
– स्टेपनी, जॅक, रिफ्लेक्टर त्रिकोण, चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे

चाकाला दगड लावले असतील तर निघताना उचलून बाजूला टाका. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात ते दिसत नाहीत.

पार्ट आधी घरी बसवून बघा

नवीन पट्टा आणला की तोच गाडीला चढवा. उतरवलेला पट्टा अजून धड असेल तर तो सोबत ठेवा. त्यामुळे नवीन पट्टा बरोबर बसतो याची खात्री होते, जुना बसतो हे माहीतच असतं, आणि पट्टा चढवायला कोणता पाना लागतो तेही समजतं. होजचंही असंच करा. ज्या ड्रायव्हरने दिवसा अंगणात पट्टा चढवला नाही, त्याला तो रात्री घाटात चढवता येणार नाही.

सगळं सामान एका डब्यात, सीटमागे ठेवा. हौद्यात ठेवलं तर वर माल चढतो आणि वेळेला डबा निघत नाही. वापरलेला पार्ट परत आल्याबरोबर भरून ठेवा.

एवढं करूनही अर्ध्या तासात गाडी दुरुस्त होत नसेल तर हट्ट करू नका. त्रिकोण मागे लांब ठेवा, गाडीत झोपू नका, रेंज मिळेल तिथून ११२ ला फोन करा आणि दुसरी गाडी बोलावून माल पलटी करा. कोथिंबिरीची एक खेप गेली तर पुढच्या तोड्यात भरून काढता येते, माणूस गेला तर भरून निघत नाही.

आपल्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर असेल तर ही यादी त्यालाही पाठवा.