सरासरीच्या पडद्याआड



देशाचें उत्पन्न वाढलें, असें आपण वर्तमानपत्रांत वाचतों. तें कोणाच्या पदरीं पडलें, हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं. दहा घरांची एखादी वाडी कल्पा. प्रत्येक घराची मिळकत १०० रुपये. पुढें एका घराची मिळकत ४०० झाली. उरलेलीं नऊ घरें होतीं तेथेंच राहिलीं. वाडीचें उत्पन्न १,००० वरून १,३०० झालें, म्हणजे सरासरी ३० टक्क्यांनीं वाढली! हिशेब बिनचूक आहे. नऊ चुलींना मात्र त्याचा पत्ताहि नाहीं. घरें मिळकतीच्या क्रमानें मांडून मधलें घर पाहावें, तर वाढ शून्य.

इटलीचे जिनी यांनीं १९१२ सालीं विषमतेचें एक माप बसविलें. सर्वांना सारखें मिळालें तर शून्य, सारें एकाकडेच गेलें तर जवळजवळ एक. आपल्या वाडीचें माप शून्यावरून सुमारें ०.२१ वर चढेल. परंतु सगळेच सारखे अर्धपोटी असतील, तरीहि हें माप शून्यच दाखवील. विषमता मोजली म्हणजे गरज मोजली, असें होत नाहीं.

ही दुसरी बाजू वर्ध्यास पुढें आली. गांधीजी सेवाग्रामीं, म्हणजे तेव्हांच्या शेगांवीं, १९३६ सालीं राहावयास गेले; त्याच्या आदल्या वर्षीं, ऑक्टोबर १९३५ मध्यें, अखिल भारत चरखा संघानें वर्ध्याच्या बैठकींत एक ठराव केला. खादी किती खपली, यावरून संघाला आपलें काम मोजतां आलें असतें. त्यानें मोजावयास घेतली ती सूत कातणारीची मजुरी. आठ तास नीट काम केल्यास तिला शास्त्रीय प्रमाणांत अन्न आणि वर्षाला निदान २० वार कापड मिळावें, इतकी ती असावी, असें ठरलें. मजुरी वाढली कीं खादी महागणार, हें उघड होतें. तो भार गिऱ्हाइकानें सोसावा, हा त्यांतला अर्थ. आणि मला तो रास्त वाटतो.

पोटापासून हिशेब सुरू करण्याची हीच रीत पुढें पुण्याच्या गोखले संस्थेंतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांच्या १९७१ च्या अभ्यासांत दिसते. रोजचे २,२५० उष्मांक मिळण्यास खेड्यांत माणशी महिना १५ रुपये खर्च लागतो, असें त्यांनीं १९६०-६१ च्या भावानें धरलें. तेव्हां खेड्यांतील सुमारें ४० टक्के लोक त्या रेषेखालीं आढळले. आणि त्यापुढील वर्षांतल्या वाढीचा लाभ? तो बहुतांशीं वरच्या ४० टक्क्यांतच अडकून राहिला होता.

असल्या पाहण्या घरोघर जाऊन खर्च विचारतात. अतिश्रीमंतांचीं दारें त्यांना क्वचितच उघडतात, त्यामुळें अंतर आहे त्याहून कमी दिसतें. शिवाय घराचा खर्च डोक्यांनीं भागला जातो. जी सर्वांच्या मागून जेवते, तिच्या नांवेंहि तितकाच घास मांडला जातो. वर्ध्याच्या ठरावांत हिशेब घराचा नव्हता, कातणारीचा होता.