फूट, मोड आणि ‘विलीनीकरण’

इंग्रजी भाषेत तुटण्या-मोडण्याच्या छटा किती, हे वृत्तसंस्थांच्या मजकुराचे मराठीकरण करणाऱ्या उपसंपादकास विचारावे. ओंडका धाग्याच्या रेषेने उभा दुभंगला तर तो ‘स्प्लिट’. आडवा मोडला तर ‘ब्रेक’. ‘सेपरेट’मध्ये मोडणे मुळीच नाही, तांदळातले खडे निवडावेत, तसे ते बाजूला करणे. आपली मराठीही दरिद्री नव्हे. काच फुटते, दोरी तुटते, काठी मोडते. इंग्रज या तिन्ही ठिकाणी एकट्या ‘ब्रेक’वर भागवितो.

हा शब्दच्छल वाटेल; परंतु यातील एका शब्दावर आमदारक्या टिकल्या आहेत. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. एकट्याने पक्ष सोडला तर ते पक्षांतर, आमदारकी गेली. विधिमंडळ पक्षाच्या एकतृतीयांश सभासदांनी मिळून सोडला, तर ती ‘स्प्लिट’, आणि सारे निर्भय! तत्त्वाच्या धाग्यावर पक्ष दुभंगतो, असे कायदेकर्त्यांनी गृहीत धरले असावे. प्रत्यक्षात धागा कोणी तपासला नाही, डोकी तेवढी मोजली. अखेर २००३ मध्ये ९१ व्या दुरुस्तीने ही सवलत गेली.

उरले ‘मर्जर’. त्यास दोनतृतीयांश आमदार लागतात. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भारतीय जनता पक्षात ‘विलीन’ झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. मूळ पक्ष जागच्या जागी राहिला. २०१९ च्या आमदारांविरुद्धचे अपात्रतेचे अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळले. कायद्याच्या चौकटीत ते बसत असेल. भाषेच्या चौकटीत तोडण्याच्या कृत्यास जोडण्याचे नाव बसत नाही.

विलीनीकरण हा शब्द गोमंतकीयास नवा नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, यावरून येथे घरेच्या घरे दुभंगली होती. परंतु १६ जानेवारी १९६७ रोजी तो प्रश्न मतदारांपुढे ठेवला गेला. ३४,०२१ मतांच्या आधिक्याने विलीनीकरण नाकारले गेले. तो निकाल अनेकांना जिव्हारी लागला, तरी तो मान्य झाला. पुढच्या दोन ‘विलीनीकरणां’त मतदारास कोणी विचारले नाही. यास्तव अशा घटनेसाठी आमच्या स्तंभांत यापुढे ‘पक्षांतर’ हाच शब्द छापला जाईल.