घरातील मेन स्विच व बोर्ड कोठे बसवावा?

भोर तालुक्यातील उत्रोली व आसपासच्या गावी पावसाळ्यात घरांच्या भिंती दिवसेंदिवस ओल्या राहतात. घरगुती वीज 230 व्होल्ट दाबाची असते. ओल्या त्वचेचा विरोध पुष्कळ कमी होत असल्याने कोरड्या हाताला जो धक्का केवळ जाणवतो, तोच ओल्या हाताला प्राणघातक ठरू शकतो. म्हणून घर बांधताना किंवा दुरुस्त करताना बोर्डाची जागा आधी ठरवावी.

भारतीय मानक 732 मध्ये घरातील वायरिंगचे नियम दिले आहेत. त्यांचा सारांश असा की, बोर्ड न्हाणीघर, शौचकूप किंवा स्वयंपाकघरात बसवू नये; शेगडीच्या किंवा मोरीच्या वर तर मुळीच नको. तो जमिनीपासून 2 मीटरपेक्षा अधिक उंच नसावा. त्याच्यासमोर सुमारे 1 मीटर जागा मोकळी असावी व तेथे पुरेसा उजेड असावा. अपघातसमयी घरातील कोणासही चटकन मेन स्विच बंद करता आला पाहिजे, हा या नियमांचा हेतू होय. यास्तव बोर्डासमोर भाताची पोती रचू नयेत.

आपल्याकडे आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो. म्हणून पश्चिमेची व दक्षिणेची बाहेरची भिंत, तसेच वळचणीची जागा टाळावी. ओसरीची किंवा माजघराची कोरडी आतली भिंत उत्तम. पेंढ्याजवळ बोर्ड नसावा, कारण सैल जोडातून उडालेली एक ठिणगी आगीस पुरेशी होते. गोठ्यातही तो नसावा. तेथील जमीन ओली असते आणि जनावरांना अनवाणी माणसाप्रमाणेच, किंबहुना अधिक, धक्का बसतो. बोर्ड उघड्यावर बसविणे अपरिहार्यच असेल, तर तो पाणी न शिरणाऱ्या पेटीत बंद असावा.

जागा योग्य असली तरी अर्थिंगवाचून संरक्षण अपुरे राहते. अर्थिंगची तार तुटलेली नाही ना, हे दरवर्षी मृगापूर्वी तपासून घ्यावे. त्याबरोबरच 30 मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे उपकरण बसवावे. फ्यूज वारंवार जात असल्यास त्यात जाड तार घालू नये, दोष शोधावा.

हे सर्व काम परवानाधारक वीज कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे व त्याचा चाचणी अहवाल जपून ठेवावा. बोर्ड योग्य जागी बसविण्यास खर्च फारसा वाढत नाही. जीवितहानी मात्र कशानेही भरून येत नाही.