घटस्फोटाचा कागद
वरवंट्याखालची घरं : भाग ९

मागच्या भागात आपण सप्टेंबर १९४१ पर्यंत आलो होतो. त्या महिन्याच्या १९ तारखेपासून जर्मनीत सहा वर्षांवरच्या ज्यूंना अंगावरच्या कपड्यावर, छातीच्या डाव्या बाजूला, पिवळा तारा शिवून घेण्याची सक्ती झाली. पुढच्याच महिन्यात त्यांना घेऊन पूर्वेकडे गाड्या सुटू लागल्या. या गाड्यांच्या याद्यांतून काही लोक मात्र वगळले जात होते. त्यांत एक मोठा गट होता तो ख्रिस्ती नवरा किंवा ख्रिस्ती बायको असलेल्यांचा. १९४२ साल संपताना मूळ जर्मनीत असे १६ ते १७ हजार ज्यू उरले होते. आजचा भाग त्यांच्या संसारांविषयी आहे.

१५ सप्टेंबर १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी ज्यू आणि ‘आर्य’ यांच्यातल्या नव्या लग्नांवर बंदी घातली, पण आधी झालेली लग्नं मोडीत काढली नाहीत. यात दयामाया काही नव्हती. अशा प्रत्येक लग्नाला एक ‘आर्य’ सासर किंवा माहेर होतं. कुणाचा मेहुणा सैन्यात अधिकारी, कुणाचा सासरा गावातला प्रतिष्ठित माणूस. जावयाला उचलून नेलं तर ही सगळी माणसं प्रश्न विचारणार, आणि युद्ध चालू असताना घराघरांतून असे प्रश्न उठणं सरकारला परवडणारं नव्हतं. म्हणून सरकारने वेगळा रस्ता धरला. लग्न मोडायचं की नाही, हे त्या नवऱ्यावर किंवा बायकोवर सोडलं आणि मोडण्यासाठी जमेल तेवढा दबाव आणला. १९३८ च्या नव्या विवाह कायद्याने अशा जोडप्यांचा घटस्फोट सोपा केला. गेस्टापो या गुप्त पोलिसांच्या कचेरीत बोलावून बायकांना सांगितलं जाई : सोडा त्याला, मग तुम्हाला काही त्रास नाही.

१९३८ च्या डिसेंबरात या लग्नांचेही दोन प्रकार पाडले गेले. बायको ज्यू असेल आणि मूल नसेल, किंवा मुलं ख्रिस्ती म्हणून वाढत असतील, तर ते लग्न ‘सवलतीचं’. त्यातल्या ज्यू माणसाला पुढे ताराही लावावा लागला नाही. नवरा ज्यू आणि मूलबाळ नाही, किंवा मुलं ज्यू धर्मात वाढलेली, तर सवलत नाही. अशा घरातल्या ख्रिस्ती बायकोला नवऱ्यासोबत ज्यूंसाठी नेमून दिलेल्या इमारतीत राहायला जावं लागे. तिच्या रक्तात सरकारला काही खोट दिसत नव्हती. तिचा गुन्हा एवढाच, की ती नवऱ्याला सोडत नव्हती.

व्हिक्टर क्लेम्परर आणि एव्हा क्लेम्परर यांचं लग्न या दुसऱ्या प्रकारातलं. व्हिक्टर एका रॅबायचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा, मुलगा. तरुणपणीच प्रॉटेस्टंट झालेला, पहिल्या महायुद्धात आपणहून सैन्यात गेलेला, १९२० पासून ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात फ्रेंच आणि इतर रोमान्स साहित्याचा प्राध्यापक. एव्हा पियानो वाजवणारी, संगीताची अभ्यासक. लग्न १९०६ चं. मूलबाळ नाही. १९३४ मध्ये त्यांनी शहराबाहेर ड्योल्चन इथे एक छोटं घर बांधलं. घराचा आणि बागेचा ध्यास एव्हाचा होता. पुढच्याच वर्षी व्हिक्टरची नोकरी गेली आणि १९४० च्या मे महिन्यात घरही सोडावं लागलं. ते एका ‘ज्यू घरात’ आले. असं घर म्हणजे एका बंगल्यात खोलीखोलीत कोंबलेली कुटुंबं, एकच स्वयंपाकघर, आणि कुठल्याही क्षणी दारावर येणारी गेस्टापोची थाप.

व्हिक्टर रोज डायरी लिहायचा. ज्यूंवर घातलेल्या एकेका बंदीची तो तारखेनिशी नोंद ठेवी. वाचनालय बंद, गाडी चालवण्याचा परवाना रद्द, टेलिफोन काढून घेतला, रेडिओ जप्त, टाइपरायटर जप्त, तंबाखू बंद, फुलं विकत घेणं बंद, बागेत पाऊल टाकणं बंद. जून १९४२ मध्ये त्याने या सगळ्यांची यादी केली, ती तिशी ओलांडून गेली. मोठ्या क्रौर्याच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचतो, पण माणसाला आधी कसं खिळखिळं केलं जातं ते या यादीत दिसतं.

त्या यादीतली एक बंदी पाळीव प्राण्यांची. क्लेम्पररांकडे मुशेल नावाचा बोका होता. मे १९४२ मध्ये हुकूम आला की ज्यूंनी, आणि ज्यूंसोबत राहणाऱ्यांनीही, कुत्री-मांजरं ठेवायची नाहीत. ती दुसऱ्या कुणाला सांभाळायलाही द्यायची नाहीत, सरकारजमा करायची. सरकारजमा केलेल्या जनावराचं काय होणार हे एव्हाला माहीत होतं. तिने मुशेलला त्याच्या नेहमीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं, पशुवैद्याकडे नेलं, आणि भूल देऊन त्याला मारेपर्यंत ती तिथे थांबली. साठीला टेकलेली बाई. माहेर, घर, बाग, पियानो सगळं सुटलेलं. गेस्टापोला दिलेला एक होकार तिला यातलं बरंच काही परत देऊ शकला असता, आणि नवऱ्याचं नाव पुढच्या गाडीच्या यादीत गेलं असतं.

ही लेखमाला लिहिताना माझं मन वारंवार एव्हापाशी जाऊन थांबतं. व्हिक्टरच्या डायऱ्या १९९५ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाल्या, जगभर वाचल्या गेल्या, आणि त्याचं नाव झालं, हे योग्यच झालं. पण त्या डायऱ्या टिकल्या कशा? लिहिलेली पानं घरात सापडली असती तर सगळेच संपले असते, कारण त्यांत भेटलेल्या माणसांची नावं होती. एव्हा ती पानं घेऊन पिर्ना या जवळच्या गावी जायची आणि आनेमारी क्योलर या डॉक्टर मैत्रिणीकडे ठेवायला द्यायची. आनेमारीने ती शेवटपर्यंत सांभाळली. बटाट्यांसाठी गावभर हिंडणारी एव्हा, रांगेत उभी राहणारी एव्हा. ज्यूंच्या रेशन कार्डावर न मिळणारं काही तिच्या ‘आर्य’ कार्डावर मिळे आणि त्यातच दोघांचं भागे. झडतीला आलेले लोक तिच्यावर थुंकत, तिला मारत, घाणेरड्या शिव्या देत. आणखी एक गोष्ट दोघांनाही कळत होती. ‘आर्य’ जोडीदार मेला तर मागे राहिलेल्या ज्यूचं संरक्षणही त्याच्याबरोबर जायचं. एव्हाची प्रकृती फारशी धड नव्हती. म्हणजे तिने नुसतं सोबत राहून भागणार नव्हतं, जगायलाही हवं होतं.

सगळ्यांनाच हे निभलं असं नाही. योआखिम गॉटशाल्क हा लोकप्रिय सिनेनट. ज्यू बायकोला सोड म्हणून त्याच्यावर दडपण आलं, त्याने ऐकलं नाही. नोव्हेंबर १९४१ मध्ये नवरा, बायको आणि लहान मुलगा, तिघांनी बर्लिनमधल्या घरात एकत्र जीव दिला. लेखक योखेन क्लेपर, त्याची बायको आणि सावत्र मुलगी यांनी डिसेंबर १९४२ मध्ये तेच केलं. मुलीला देशाबाहेर जाऊ द्या, एवढीच त्यांची मागणी होती आणि ती नाकारली गेली होती. ज्यांना वेळेवर निसटता आलं, असं एक जोडपं आपल्या मुंबईत येऊन राहिलं. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि त्याची ज्यू पत्नी कॅथी. ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेल्यावर ते व्हिएन्ना सोडून आले. वॉल्टर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा कला-संचालक झाला, आणि नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी आरा, रझा यांच्यासारखे तरुण चित्रकार जमू लागले. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेच्या गोष्टीत लँगहॅमरचं नाव नेहमी येतं. तो मुंबईत का आला, हे त्या गोष्टीत सहसा एका ओळीत आटोपतं.

बर्लिनच्या रोझेनश्ट्रासेचा प्रसंग या विषयात टाळून चालणार नाही. २७ फेब्रुवारी १९४३ रोजी कारखान्यांत राबणाऱ्या उरल्यासुरल्या ज्यूंची धरपकड झाली. ज्यांच्या बायका ख्रिस्ती होत्या अशा सुमारे २,००० लोकांना, बहुतेक पुरुषांना, या गल्लीतल्या एका इमारतीत डांबलं. बायका तिथे जमल्या. नवऱ्याला डबा द्यायचा, किल्ली मागायची, अशी निमित्तं काढून आल्या, आणि मग हटल्याच नाहीत. दिवसचे दिवस रस्त्यावर उभ्या राहून त्यांनी आपली माणसं परत मागितली. ६ मार्चपासून माणसं सुटू लागली. ज्या २५ जणांना आउशवित्झच्या छळछावणीत पाठवलं होतं, त्यांनाही परत आणलं गेलं. या लोकांना मुळात पाठवायचा बेत होता की नुसती छाननी चालली होती, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. मला स्वतःला तो वाद त्या बायकांच्या बाबतीत गौण वाटतो. आत काय ठरलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. समोर हत्यारबंद पहारा होता, आणि त्या उभ्या राहिल्या.

आता दुसरं घर. कासेल शहराजवळच्या इमेनहाउझेन या छोट्या गावातलं.

लिली यान ही कोलोनमधल्या सुखवस्तू ज्यू घरातली डॉक्टर. जन्म १९०० चा. तिने एर्न्स्ट यान या प्रॉटेस्टंट डॉक्टरशी लग्न केलं आणि दोघांनी इमेनहाउझेनला दवाखाना थाटला. पाच मुलं झाली. थोरला गेरहार्ड, मग इल्झे, योहाना, एव्हा, आणि १९४० मध्ये जन्मलेली धाकटी डोरोथेआ. मुलं ख्रिस्ती. म्हणजे हे ‘सवलतीचं’ लग्न : तारा नाही, ज्यू घर नाही. लिलीचा दवाखाना मात्र हिटलर सत्तेवर आल्यावर लगेच सुटला होता, आणि १९३८ मध्ये सगळ्याच ज्यू डॉक्टरांचे परवाने गेले. गावातले लोक बोलेनासे झाले. एर्न्स्टला तो एकटेपणा सोसवेना. एका तरुण डॉक्टर बाईशी त्याचे संबंध जुळले, तिला त्याच्यापासून मूल झालं, आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये त्याने लिलीपासून घटस्फोट घेतला. मग त्या बाईशी लग्न केलं.

एर्न्स्टवर गेस्टापोने पिस्तूल रोखलं नव्हतं. लिलीने घटस्फोटाला संमती दिली होती, हेही खरं. कुठल्याही काळात, कुठल्याही देशात असे संसार मोडतात. पण १९४२ च्या जर्मनीत त्या कागदाने त्याच्या पाच मुलांच्या आईचं कवच काढून घेतलं. सहानुभूती ठेवून विचार केला तरी एर्न्स्टला हे माहीत नसेल असं मला म्हणता येत नाही. त्या गाड्यांतून नेलेले लोक परत येत नव्हते, हे तोवर सगळ्यांना दिसत होतं.

जुलै १९४३ मध्ये लिलीला मुलांसह गाव सोडायला लावलं. ती कासेलला एका फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिथे दाराच्या घंटीपाशी तिने आपलं जुनं कार्ड लावलं. त्यावर तिचं नाव आणि आधी ‘डॉ.’ असं छापलेलं होतं. ज्यू बाईला नावापुढे ‘सारा’ जोडायची सक्ती १९३९ पासून होती, आणि डॉक्टर म्हणवून घ्यायचा हक्क उरला नव्हता. कुणीतरी चुगली केली. ऑगस्टच्या शेवटी लिलीला अटक झाली आणि ब्राइटेनाऊ इथल्या, जुन्या मठात चालवलेल्या श्रमछावणीत तिची रवानगी झाली.

घरी उरली मुलं. १६ वर्षांच्या गेरहार्डला विमानविरोधी तोफांवर कामाला नेलेलं. एर्न्स्ट लष्करी डॉक्टर म्हणून दुसरीकडे. धाकट्यांचं सगळं १४ वर्षांच्या इल्झेच्या अंगावर. मुलं आईला पत्रं लिहीत राहिली. शाळेत काय झालं, डोरोथेआ काय बोलायला लागली, कुणाचे बूट फाटले, कुणाला सर्दी झाली. २२ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री कासेलवर बाँबवर्षाव झाला, त्यात त्यांचं राहतं घर गेलं. मुलं वाचली, आणि आईला तेही पत्राने कळवलं. लिली छावणीतून चोरून उत्तरं पाठवी. त्यांत भुकेविषयी, थंडीविषयी थोडं असे, बाकी सगळं मुलांविषयी : पांघरुणं पुरेशी आहेत ना, अभ्यास चाललाय ना. मार्च १९४४ मध्ये तिला आउशवित्झला नेलं. जाण्याआधी मुलांची आलेली सगळी पत्रं तिने कशीबशी छावणीबाहेर पोचवली. जूनमध्ये ती मरण पावली.

ड्रेस्डेनमध्ये क्लेम्परर दांपत्य तेव्हा तिसऱ्या ज्यू घरात होतं. आता मिश्र विवाहांतलेही सुटणार नव्हते. १३ फेब्रुवारी १९४५ ला व्हिक्टरवर काम आलं शहरातल्या उरलेल्या ज्यूंना नोटिसा वाटण्याचं : तीन दिवसांनी ‘बाहेरगावच्या कामा’साठी हजर व्हा. पहिल्या यादीत त्याचं नाव नव्हतं, पण आपली पाळी आठवड्याभरात येणार अशी त्याची खात्री होती. त्याच रात्री दहाच्या सुमारास ब्रिटिश विमानं आली. मध्यरात्रीनंतर दुसरी लाट आली आणि धावपळीत दोघांची चुकामूक झाली. या हल्ल्यांत सुमारे २५ हजार माणसं जळून-गुदमरून मेली. त्या आगीत एव्हाला सिगारेट पेटवायची होती, काडी नव्हती. जमिनीवर काहीतरी धुमसताना दिसलं म्हणून ती वाकली, तर ते प्रेत होतं. सकाळी एल्ब नदीकाठच्या गच्चीवर दोघं एकमेकांना सापडली. व्हिक्टरच्या डोळ्यापाशी जखम झाली होती. एव्हाने खिशातला चाकू काढला आणि त्याच्या कोटावरचा तारा कापून टाकला.

त्यानंतर ती दोघं कागदपत्रं जळालेली, घर गमावलेली दोन जर्मन म्हाताऱ्यांची जोडी झाली. अशा हजारो जोड्या तेव्हा रस्त्यांवर होत्या. आडनाव मात्र घात करणार होतं. औषधाच्या चिठ्ठीवर कुणीतरी हाताने लिहिलेलं ‘क्लेम्परर’ दोन-तीन रेघांचा फेरफार केला की ‘क्लाइनपेटर’ वाचता येतं, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि पुढचा प्रवास त्यांनी त्या नावाने केला. पायी, मालगाडीने, शेतकऱ्यांच्या गोठ्यात झोपत ती बव्हेरियात पोचली आणि युद्ध तिथेच संपलं. जूनमध्ये दोघं ड्योल्चनच्या घरी परतली. पिर्नाला ठेवलेली पानं शाबूत होती. एव्हा १९५१ मध्ये गेली. तिने स्वतः डायरी लिहिली नाही. तिच्याविषयी आपल्याला जे माहीत आहे ते नवऱ्याच्या लेखणीतून.

गेरहार्ड यान पुढे राजकारणात गेला आणि १९६९ ते १९७४ या काळात पश्चिम जर्मनीचा कायदेमंत्री होता. आईविषयी तो जवळपास बोलतच नसे. १९९८ मध्ये तो वारल्यावर त्याच्या सामानात ब्राइटेनाऊहून बाहेर आलेली ती पत्रं सापडली, शेकड्यांनी. बहिणींना ती त्याच्याजवळ आहेत हे माहीत नव्हतं. चार वर्षांनी लिलीचा नातू, पत्रकार मार्टिन डोअरी, याने ती पुस्तकरूपात प्रसिद्ध केली.

(पुढील आठवड्यात : ऑक्टोबर १९४३, डेन्मार्कचा किनारा आणि मासेमारीच्या होड्या)